कपाटातली हवेची गादी

शनिवार, नऊ नोव्हेंबर. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी स्टुलावर चढून वॉर्डातलं मोठं लोखंडी कपाट लावत होते. बुधवारी पाहणी होती. वरून चार माणसं येणार, हातात छापील यादी घेऊन फिरणार आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून "दिखाइए" म्हणणार. त्यामुळे वरच्या कप्प्यात नवीन सक्शन मशीन, त्याच्या शेजारी नवा रक्तदाब मोजायचा संच, खाली न वापरलेल्या सहा ब्लँकेटांची चळत आणि सगळ्यात तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी, हवेची गादी. पिशवीवर धूळ बसली होती. ती मी ओल्या फडक्याने पुसली. गादी येऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत तिच्यावर एकही माणूस झोपला नव्हता. मला त्याचा अभिमान होता.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी संपादकांनी सांगितलं होतं, "सिस्टर, हॉस्पिटलातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, त्या लिहितेच. पण त्या शनिवारापासून मंगळवारपर्यंत जे झालं ते सोडून गमती लिहिल्या, तर तो आणखी एक खोटेपणा होईल.

मी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डाची इन-चार्ज सिस्टर आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, इन-चार्ज म्हणजे मोठी नर्स, अवघड इंजेक्शनं देणारी. तसं नसतं. इंजेक्शनं बाकीच्या मुली देतात. इन-चार्ज म्हणजे वॉर्डाची घरमालकीण. चादरी किती, उशा किती, कात्र्या किती, ऑक्सिजनचे सिलिंडर किती, सगळं तिच्या नावावर असतं. वस्तू हरवली की कागद तिच्या नावाने निघतो. मोडली तरी तिच्याच नावाने निघतो. आणि मोडलेली वस्तू 'मोडली' असं जाहीर करणारी कमिटी वर्षातून एकदा बसते, तोवर ते मोडकं धूडही तिनेच सांभाळायचं. वॉर्डाच्या बाथरूमच्या मागे तीन पायांची एक खुर्ची अशीच सहा वर्षं उभी होती. आम्ही तिला 'बडी मैडम' म्हणायचो.

अशा नोकरीत माणूस काय शिकतो? कुलूप लावायला शिकतो. ट्रॉलीवरची कात्री मी बँडेजच्या पट्टीने ट्रॉलीलाच बांधून ठेवत असे. प्रत्येक उशीवर, प्रत्येक बेडपॅनवर जांभळ्या औषधाने वॉर्डाचा नंबर घातलेला असे. चाकाची खुर्ची तर मी कुत्र्याच्या साखळीने खांबाला बांधली होती. शेजारच्या वॉर्डाची इन-चार्ज एक पंजाबी बाई होती, फार गोड बोलायची. "बोर्डे मैडम, दो मिनट के लिए व्हीलचेयर दे दो, यार." तिची दोन मिनिटं तीन आठवड्यांची असायची. एकदा मी स्वतः जाऊन तिच्या वॉर्डातून माझी खुर्ची ओढून आणली. तिच्यावर एक माणूस बसलेला होता. मी त्याला म्हटलं, "भाईसाहब, आप बैठे रहिए, बस वॉर्ड बदल रहा है." त्याला आमच्या वॉर्डापर्यंत आणलं, उतरवलं, आणि मग आमच्या आयाने त्याला हाताला धरून परत पोचवलं. हा किस्सा मी दहा वर्षं हसत सांगितला. त्या माणसाचा पाय प्लास्टरमध्ये होता, हे सांगताना मी गाळत असे.

पेशंटसुद्धा काही कमी नसतात. खिडकीजवळचा बारा नंबरचा बेड ज्याला मिळाला, त्याला तो स्वतःचाच वाटायला लागतो. मेरठचे एक म्हातारे तिथे चार महिने होते. त्यांनी खिळा ठोकून कॅलेंडर लावलं होतं, खिडकीत तुळस ठेवली होती. सुट्टी मिळाली तेव्हा जायला तयार होईनात. "मेरे बाद यहाँ कौन आएगा?" म्हणून चौकशी केली, आणि नवीन पेशंट तरुण मुलगा आहे कळल्यावर तुळस घेऊन गेले. म्हणाले, "ये लड़का पानी नहीं डालेगा." मला तेव्हा हसू आलं होतं. त्यांनी निदान तुळशीला पाणी तरी घातलं होतं.

आता वानखेडेंकडे येते.

ते शुक्रवारी दाखल झाले, चार नंबरच्या बेडवर. मूळचे अमरावतीकडचे, एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. वय बहात्तर, कृश अंगाचे, तिखट जिभेचे. घरातच पाय घसरून मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. पायाला वजन लावून उताणं झोपवलं होतं आणि मंगळवारी सकाळी आठचं ऑपरेशन ठरलं होतं. सोबत मुलगी संगीता. पस्तिशीची, ऑफिसातून रजा काढून आलेली. मी मराठी आहे कळल्यावर तिला एवढं हायसं झालं, की तिने माझा हातच धरला.

"ताई, बरं झालं तुम्ही भेटलात. इथे कोणाला काय विचारायचं काहीच समजत नाही."

वानखेडे उशीवरून म्हणाले, "काय विचारायचं त्यात? फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय ते विचार. हॉस्पिटल काय नि मंत्रालय काय."

मी म्हटलं, "काका, तुमची फाइल माझ्या टेबलावर आहे."

"मग अडकलीच म्हणायची," ते म्हणाले. आम्ही तिघंही हसलो.

अशा पेशंटचा मोठा धोका हाड नसतो, पाठ असते. माणूस हलू शकत नाही, बारीक असला की कमरेखालच्या हाडावर सगळा भार येतो, कातडीला रक्त मिळत नाही. आधी लाल होते, मग फोड येतो, मग कातडी उघडते. याला बेडसोर म्हणतात. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं, की बेडसोर हा पेशंटचा आजार नाही, ती नर्सची चूक. आणि उघडी जखम असली की हाडाचं ऑपरेशन करत नाहीत, कारण जंतू आत बसवलेल्या लोखंडी सळीपर्यंत गेले तर पाय जायची पाळी येते. साध्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवता येतं. खुबा मोडलेल्याला चार माणसं लागतात, तरी तो ओरडतो. म्हणून हवेची गादी. तिच्यात नळ्या असतात, पंपाने आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे एकाच जागी भार राहत नाही. आमच्या वॉर्डात अशी आधी एक होती. ती एका पेशंटच्या मेव्हण्याने सेफ्टी पिन टोचून फोडली, आणि त्याचं स्पष्टीकरण मला तीन वेळा लिहून द्यावं लागलं. दुसरी आली तेव्हा मी ठरवलं, ही अशी वाया जाऊ द्यायची नाही. खरंच गरज असलेला पेशंट येईल तेव्हाच काढायची.

आठ महिन्यांत मला खरंच गरज असलेला एकही पेशंट सापडला नाही, यावरून काय ते ओळखा.

तर त्या शनिवारी मी स्टुलावर असताना लिन्सी आली. लिन्सी आमची स्टाफ नर्स, केरळची, पाच वर्षांचा अनुभव, कामाला चोख, बोलायला हळू.

"सिस्टर, बेड चार की पीठ लाल है. वह एअर मॅट्रेस निकाल दें?"

"पानी के ग्लव्ज रखे?" हातमोज्यात पाणी भरून गाठ मारायची आणि ते टाचांखाली, हाडांखाली ठेवायचे, हा आमचा जुना उपाय.

"रखे हैं. पर पीठ के नीचे टिकते नहीं."

"बुधवार को इन्स्पेक्शन है. नया पीस दिखाना है. करवट बदलो, हर दो घंटे."

"दो ही जने हैं, सिस्टर."

"तो आया को बुलाओ."

ती गेली. दुपारी मी घरी निघाले तेव्हा संगीताने मला दारात गाठलं. तिला कुणीतरी सांगितलं होतं. "ताई, ती हवेची गादी असते ना, बाहेर दुकानात मिळते. मी लगेच घेऊन येऊ का?"

तेव्हा मी जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "बाहेरचं विजेचं सामान वॉर्डात चालत नाही गं. सोमवारी मी बघते."

नियम खरा होता. पण तो मी याआधी दहा जणांसाठी बाजूला ठेवला होता. या वेळी ठेवला नाही, कारण बाहेरून गादी आली असती तर कुणीतरी विचारलं असतं, वॉर्डात नाही का? आणि मग कपाट उघडावं लागलं असतं.

चाव्यांचंही सांगायला हवं. इन-चार्ज सुट्टीवर जाताना कपाटाची चावी घरी नेते, ही आमच्याकडची जुनी पद्धत. नियमाप्रमाणे दुसरी चावी सुपरिंटेंडेंटच्या ऑफिसात असली पाहिजे. माझीही होती. पण त्या चावीने एकदा रात्रपाळीत माझी दोन ब्लँकेटं गेली, तेव्हा मी 'कुलूप बदलायचं आहे' असं सांगून ती परत आणली आणि पोचवलीच नाही. दोन्ही चाव्या एकाच कडीत, माझ्या पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहान आहे, पन्नास-साठ कुटुंबं. स्वतःचं देऊळ नाही. पहाडगंजकडच्या एका जुन्या चर्चमध्ये सकाळी हिंदी आणि इंग्रजी उपासना होतात आणि दुपारी तीनला आम्हाला जागा मिळते. त्या रविवारी आमचा कापणीचा सण होता. गावाकडे हंगाम निघाला की शेतकरी पहिलं धान्य आणून देवापुढे ठेवतात. दिल्लीत कुणाचं शेत? मग कोणी बाल्कनीतल्या मिरच्या आणतं, कोणी केक, कोणी घरी केलेले अनारसे. सगळं वेदीपुढे मांडतात आणि वर प्रार्थना करतात, की हे आमचं नाही, तुझंच आहे, आम्ही फक्त सांभाळणारे, कारभारी. मालकी देवाची, कारभार माणसाचा, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती प्रार्थना यंदा महिला मंडळातर्फे मी करायची होती.

मी चांगली प्रार्थना करते, हे लोक सांगतात. त्या दिवशीही चांगली केली. "प्रभू, जे आमच्या मुठीत आहे ते सोडायला आम्हाला शिकव," असं मी म्हटलं. मागून कुणीतरी मोठ्याने आमेन म्हटलं. माझी पर्स बाकावर होती आणि फोन तिच्यात आवाज बंद करून ठेवलेला.

साडेपाचला चहाच्या वेळी फोन पाहिला. लिन्सीचे सहा कॉल. मी बाहेर अंगणात जाऊन तिला लावला.

"सिस्टर, छाला आ गया है. इतना बड़ा. डुप्लिकेट चाबी ऑफिस में भी नहीं है." पाठीवर फोड आला होता.

"वह मेरे पास है."

ती म्हणाली, "किसी के हाथ भेज दीजिए ना."

"चाबी मैं किसी के हाथ नहीं देती, लिन्सी. तुम्हें पता है. सुबह आती हूँ ना. तब तक करवट."

माझे यजमान शेजारी उभे होते. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "काय झालं? मी जाऊन देऊन येतो ना. मेट्रोने पाऊण तास."

"तुमच्या हातात? वॉर्डाची चावी?" मी म्हटलं.

"का? मी काय सक्शन मशीन घरी आणणार आहे?"

"तुम्हाला नाही कळायचं. एकदा कपाट उघडलं की काय काय बाहेर पडतं. बुधवारी पाहणी आहे."

"मग तू तरी जा."

"इथलं आवरायचंय," मी म्हटलं. आवरायचं म्हणजे काय, तर महिला मंडळाचं मोठं पातेलं घासून, पुसून, कुलपात ठेवायचं होतं. हिंदी मंडळीच्या बायका ते न विचारता वापरतात म्हणून त्यालाही मीच कुलूप आणलं होतं. मी बाह्या वर केल्या आणि पातेलं घासायला बसले. हे खुर्च्या उचलायला गेले.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं. चोरी करू नये आणि दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, दहा आज्ञांपैकी या दोन मी आयुष्यभर पाळल्या अशी माझी समजूत होती. अठ्ठावीस वर्षांत हॉस्पिटलातला कापसाचा बोळासुद्धा मी घरी आणला नाही. पण लोभ धरायला वस्तू घरी न्यावी लागत नाही. आपल्याकडे सांभाळायला दिलेल्या वस्तूचाही लोभ धरता येतो, आणि तो जास्त वाईट, कारण लोक त्याला प्रामाणिकपणा म्हणतात. मला दोनदा उत्तम इन-चार्ज म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं आहे. माझं कपाट नेहमी भरलेलं असे, म्हणून.

सोमवारी सकाळी साडेसातला मी कपाट उघडलं. कात्रीने प्लास्टिक कापलं. पंप जोडून, गादी पसरून, चौघांनी वानखेडेंना उचलून तिच्यावर घ्यायला एकूण वीस मिनिटं लागली. त्यांना वळवलं तेव्हा मी पाठ पाहिली. फोड फुटून कातडी गेली होती. वाटीच्या तोंडाएवढी जागा, मध्ये काळसर. एवढ्या वर्षांत अशा जखमा मी खूप पाहिल्या. दुसऱ्या वॉर्डातून आलेल्या. आणि प्रत्येक वेळी म्हटलं होतं, "काय सिस्टर आहेत तिथल्या!"

"ही कुठून काढली?" वानखेडेंनी विचारलं. त्यांचा आवाज बसला होता. दोन दिवसांत ते आणखी लहान झाल्यासारखे दिसत होते.

"स्टोअरमधून," मी म्हटलं.

नऊला युनिटचे मोठे सर राउंडला आले. पाठ पाहिली, हातमोजे काढून टाकले. "ओपन हो गया है. कल का केस कॅन्सल. घाव भरने दो, फिर देखेंगे." मग मागे वळून म्हणाले, "एअर मॅट्रेस कब लगाया?"

मी तोंड उघडायच्या आधी लिन्सी म्हणाली, "आज सुबह, सर. कल तक अव्हेलेबल नहीं था."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. रविवारच्या नोंदवहीतही तिने तेच लिहिलं होतं, नंतर मी पाहिलं. सांभाळून घेतलं होतं मला. सर "हूँ" म्हणाले. मी तापाच्या तक्त्याकडे बघत उभी राहिले. तक्त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, ताप नव्हता.

सर पुढच्या बेडला गेल्यावर संगीता माझ्याजवळ आली. रडून डोळे सुजले होते. तिने हात जोडले.

"ताई, थँक्यू. तुम्ही सुट्टीवरून आलात आणि आल्या आल्या कुठून तरी गादी मिळवलीत. तुम्ही रविवारी असता तर हे झालंच नसतं."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काळजी करू नको." आणि तिचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले. ते हात मी घ्यायला नको होते.

दिवसभर काम केलं. पाहणीची यादी तीन वेळा तपासली. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "त्या माणसाचं काय झालं? गादी दिलीस?"

"दिली."

"मग?"

"ऑपरेशन पुढे गेलं."

जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे मीच करते. त्या दिवशी डाळ वाढली, पोळ्या वाढल्या आणि मी गप्प बसले. थोड्या वेळाने हे स्वतःच दोन वाक्यं बोलले, आमेन म्हणाले आणि जेवायला लागले.

वानखेडेंचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. जखम भरायला पाच आठवडे लागले. एकदा ताप आला, फार भीती वाटली, मग उतरला. ऑपरेशन शेवटी झालं, पण तोवर पाठीचं आणि पायाचं बळ गेलं होतं. आता वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. खालच्या बागेत रोज संध्याकाळी त्यांचा चार निवृत्त माणसांचा अड्डा जमायचा, तिथे ते आता जात नाहीत, कारण घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. मंगळवारी ऑपरेशन झालं असतं तर जिना चढले असते का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही. हीच शिक्षा मला पुरेशी आहे असं काही मी म्हणणार नाही. ती मला झालेली नाही, त्यांना झाली आहे.

मला कार्यालयाने एक मेमो दिला, तो फाइलला आहे. कपाटाची चावी आता काउंटरवर खिळ्याला लटकते. पहिल्याच महिन्यात दोन कात्र्या आणि तीन उशा गेल्या. पंजाबी बाई व्हीलचेअर घेऊन गेली ती अजून आणते आहे. मला राग येतोच, अजूनही. सवय काही एका प्रार्थनेने जात नाही, निदान माझी गेलेली नाही.

आता तो मंगळवार. ज्या सकाळी आठला ऑपरेशन व्हायचं होतं ती.

मी सातला पोचले. रात्रपाळीच्या मुलींकडून वॉर्डाचा ताबा घ्यायचा होता, पण आधी नोंदवही उघडली. रविवारच्या पानावर लिन्सीने इंग्रजीत लिहिलं होतं, एअर मॅट्रेस उपलब्ध नाही. ते खोडायचं नसतं, खाली लिहायचं असतं. मी खाली लिहिलं की गादी वॉर्डातच होती, कपाट बंद होतं, दोन्ही चाव्या माझ्याकडे होत्या, स्टाफने शनिवारी आणि रविवारी मागितली, मी दिली नाही. सही केली. मग चार नंबरच्या बेडपाशी गेले.

वानखेडे जागे होते. संगीता स्टुलावर बसून त्यांना चमच्याने चहा पाजत होती.

"काका, गादी शनिवारीही इथेच होती," मी म्हटलं. "माझ्या कपाटात. रविवारी लिन्सीने चावी मागितली, मी पाठवली नाही. काल मी तुम्हाला खोटं सांगितलं."

संगीताचा चमचा तसाच राहिला. "पण तुम्ही तर म्हणालात... मी दुकानातून आणते म्हटलं होतं ना तुम्हाला."

"हो. तेव्हाही होती."

वानखेडे म्हणाले, "कशासाठी ठेवली होती?"

"पाहणीसाठी. नवी दिसावी म्हणून."

"हं." त्यांनी डोळे मिटले. "माझ्या सेक्शनला एक नवा टाइपरायटर होता. चार वर्षं कव्हरखाली ठेवला मी. मग कॉम्प्युटर आले." जरा थांबून म्हणाले, "पण त्याच्यावाचून कुणाची पाठ नाही गेली, सिस्टर."

"नाही," मी म्हटलं.

"मग आता काय करू? माफ केलं म्हणू?"

"म्हणू नका, काका."

"नाहीच म्हणत."

तेवढ्यात लिन्सी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आली. मी नेहमीप्रमाणे पुढे होऊन चादरीला हात घातला. संगीता उठून उभी राहिली, माझ्या आणि बेडच्या मध्ये.

"बाबांना तुम्ही हात लावू नका," ती म्हणाली. ओरडली नाही. "प्लीज. त्या सिस्टरना करू द्या."

वॉर्डात सगळे बघत होते. बारा नंबरपर्यंत सगळे. मी बाजूला झाले. लिन्सीने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तिने हातमोजे चढवले. पाठ धुवायला कोमट पाणी लागतं, आणि आया अजून आली नव्हती. मी पँट्रीत गेले, पाणी तापवलं, कोपराने पाहिलं आणि भांडं घेऊन पडद्याच्या बाहेर उभी राहिले. लिन्सी "पानी" म्हणाली की पडद्याखालून आत सरकवत होते. गार झालेलं भांडं ती बाहेर सरकवत होती. ते ओतून दुसरं आणायला मी त्या सकाळी चार वेळा गेले.